घटत्या लाभाची वार्षिक बेरीज

मुंबई–अहमदाबाद महामार्गावरील तलासरी तालुक्यातले अच्छाड ओलांडले की गुजरातची हद्द सुरू होते, आणि दादरा व नगर हवेलीचा प्रदेशही तेथून फार दूर नाही. तीन करक्षेत्रांच्या या शेजारात घटत्या लाभाचा, म्हणजे ज्याचा दर ठरलेल्या क्रमाने उतरत जातो अशा सवलतीचा किंवा भरपाईचा, प्रश्न केवळ गणिती राहत नाही, कारण सीमेच्या अलीकडे व पलीकडे तो हिशेब वेगवेगळ्या वर्षी सुरू झाला.

महाराष्ट्राने मूल्यवर्धित कर, म्हणजे आधीच्या टप्प्यावर भरलेल्या कराची वजावट देऊन आकारला जाणारा विक्रीवरील कर, 1 एप्रिल 2005 रोजी लागू केला, तर गुजरातने तो 1 एप्रिल 2006 रोजी. या बदलामुळे राज्यांचा जो महसूल बुडेल, त्याची 2005-06 मध्ये 100 टक्के, 2006-07 मध्ये 75 टक्के आणि 2007-08 मध्ये 50 टक्के भरपाई देण्याचे केंद्राने मान्य केले होते. समजा, एखाद्या राज्याची या तीन वर्षांतली तूट अनुक्रमे 40, 100 आणि 160 कोटी रुपये आहे (हे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत). तर भरपाई 40, 75 आणि 80, म्हणजे एकूण 195 कोटी होते. तीन दरांची सरासरी 75 टक्के काढून ती 300 कोटींच्या एकूण तुटीला लावली, तर मात्र 225 कोटी येतात, आणि हे 30 कोटी कोठून आले, ते सरासरी पाहून कोणालाही कळणार नाही.

अहवाल तयार करणाऱ्या संगणकीय साधनात ही चूक आणखी वाढते. एक्सेलच्या पिव्हट टेबलात, म्हणजे नोंदींचे गट पाडून सारांश दाखवणाऱ्या तक्त्यात, तूट गुणिले दर असा हिशेबी रकाना घातला, तर बेरजेच्या ओळीत ते साधन आधी तुटींची बेरीज करते, मग दरांची बेरीज करते आणि नंतर गुणाकार करते. त्यामुळे वरच्या ओळी बिनचूक असूनही खाली 300 गुणिले 225 टक्के, म्हणजे 675 कोटी छापले जातात. प्रत्येक ओळ खरी आणि बेरीज खोटी, अशा तक्त्यावर वाचक सहज विश्वास ठेवतो, म्हणून ही चूक सर्वांत धोक्याची मानावी लागते. पॉवर बीआय या अहवाल-साधनातही बेरजेची ओळ वरच्या आकड्यांतून येत नाही, तेथे सूत्र सगळ्या नोंदींवर नव्याने चालते. म्हणून गुणाकार प्रत्येक नोंदीवर आधी करून मग बेरीज घेणारे ‘सम-एक्स’ सारखे फलन वापरावे लागते.

दर आर्थिक वर्षाशी नव्हे, तर लाभाच्या वयाशी बांधलेला असेल, तेव्हा प्रश्न अधिक खोल जातो. दादरा व नगर हवेलीतील पात्र कारखान्यांना आयकर कायद्याच्या कलम 80-आयबीनुसार पहिली पाच वर्षे नफ्याची 100 टक्के आणि पुढील पाच वर्षे कंपनी असल्यास 30 टक्के वजावट मिळत असे. वजावट म्हणजे करपात्र नफ्यातून वगळलेली रक्कम, वाचलेला कर नव्हे. तेथल्या सिल्वासा शहरातील दोन कल्पित कंपन्यांपैकी एक सहाव्या वर्षात असून तिचा नफा 40 लाख, दुसरी दुसऱ्या वर्षात असून तिचा नफा 10 लाख असेल, तर त्या आर्थिक वर्षाची वजावट 12 अधिक 10, म्हणजे 22 लाख. त्या वर्षासाठी एकच दर शोधणारे सूत्र येथे निरुपयोगीच ठरते, कारण त्या वर्षाला एक दर नाहीच. येथे दर सूत्रात कोरून ठेवू नयेत. लाभाचे वर्ष आणि त्याचा दर असा स्वतंत्र तक्ता ठेवून, प्रत्येक कारखान्याच्या आरंभवर्षावरून चालू वर्षक्रमांक मोजावा आणि त्यावरून दर शोधावा, म्हणजे नियम बदलला तरी सूत्राला हात लावावा लागत नाही. आरंभवर्ष हेच पहिले वर्ष धरायचे असल्याने वजाबाकीत एक मिळवणे विसरले, तर सहाव्या वर्षातल्या कारखान्याला पाचव्याचा दर लागतो आणि वरील उदाहरणात 12 ऐवजी 40 लाख दिसतात.

अकराव्या वर्षी दर शून्य लिहावा, जागा रिकामी ठेवू नये. शून्य म्हणजे सवलत संपली; रिकामी जागा म्हणजे नोंद आली नाही.