जी आजारी पडली नाही



‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण या सभागृहात उच्चारणं किती धोक्याचं आहे, ते पहिल्या चार रांगांकडे पाहिलं की कळतं. (हशा) पण आज ज्यांची हकिकत सांगायची आहे, त्यांच्या आजाराला साठीपर्यंत थांबायला सवड नसते. चव्वेचाळिशीच्या सुमारास विसरायला लागतं आणि एकोणपन्नाशीच्या आसपास घरची माणसं परकी होऊ लागतात. हे लोक कोलंबियातल्या अँटिओक्विया प्रांतातले. यारुमाल, बेल्मिरा अशा डोंगरी गावांतली शेतकरी कुटुंबं. गावात या दुखण्याला ‘ला बोबेरा’, म्हणजे वेडगळपणा म्हणत. कुणाला तो शाप वाटे, कुणाला झाडाची बाधा.

आलॉइस अल्झायमर, त्यांची रुग्ण ऑगस्टे डेटर, 1906 सालचं ट्युबिंगेनचं भाषण, मेंदूतले अमिलॉइडचे थर आणि टाउचे गुंते हे सगळं रविवारच्या पुरवण्यांतून आपल्या वाचनात आलेलं आहे. त्यात वेळ घालवायला नको. आजचं म्हणणं एकच आहे: स्मृतिभ्रंशावरचं संशोधन सुरू होतं ते घरातून. आई कधीपासून बदलली, मामाचं काय झालं होतं, आजोबा कशानं गेले, याची उत्तरं घरातच मिळतात. त्यांच्यावाचून प्रयोगशाळेला कुठं पाहायचं तेच कळत नाही.

फ्रान्सिस्को लोपेरा ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मेदेयिनमध्ये मेंदूविकारांचं शिक्षण घेत होते. बेल्मिराहून एक शेतकरी त्यांच्यापुढे आणला गेला. वय पन्नाशीच्या आतलं, स्मरण जवळजवळ गेलेलं. त्या दिवशी औषध लिहून पेशंटला परत पाठवणारा डॉक्टर कुणालाही नावं ठेवण्याजोगा वाटला नसता. लोपेरांनी मात्र बरोबर आलेल्या नातेवाइकांना विचारलं, घरात आणखी कुणाला असं झालंय का? वडिलांना झालं होतं. आजोबांना झालं होतं. भावंडांतही सुरू होतं.

पुढे लुसिया माद्रिगाल या नर्सनं आणि लोपेरांनी गावोगाव फिरून कुळं जुळवायला घेतली. आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्या असतात ना, नाव-गाव सांगितलं की खापरपणजोबांपर्यंत नेऊन सोडणाऱ्या, तसं काम तिकडे चर्चच्या दप्तरांनी केलं. बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू अशा नोंदी, शेकडो वर्षांच्या. त्यांच्या जोडीला घरातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी. आणि काळ कसला, तर मेदेयिनमध्ये अमली पदार्थांच्या टोळ्या आणि डोंगरात बंडखोर. रक्ताचे नमुने गोळा करायला निघालेल्या माद्रिगालबाईंना बंडखोरांनी काही दिवस डांबून ठेवलं होतं. सुटल्यावर बाई पुन्हा कामाला लागल्या. वंशवृक्ष वाढत वाढत हजारो माणसांवर गेला. या बाईंबद्दल अजून बरंच सांगता येईल, पण अध्यक्ष घड्याळाकडे पाहताहेत. (हशा)

1995 मध्ये दोष सापडला. चौदाव्या गुणसूत्रावरच्या प्रेसेनिलिन-1 या जनुकातला एकच बदल. आई किंवा वडिलांपैकी एकात असला, तर मुलात येण्याची शक्यता निम्मी.

उजवीकडे बसलेल्या डॉक्टर मंडळींना वाटत असेल, जनुक सापडलं ते प्रयोगशाळेतच ना? शंभर टक्के. प्रयोगशाळेला कमी लेखण्याचा हेतूच नाही. पण पुढची गोष्ट ऐका, आणि मग ठरवा.

त्याच कुळात आलिरिया रोसा पिएद्राइता नावाच्या बाई होत्या. शिक्षण बेताचं, मुलंबाळं बरीच, आणि अंगात तोच घातकी बदल. नियमानं त्यांना चव्वेचाळिशीत विसरायला व्हायला हवं होतं. सत्तरी उलटेपर्यंत काही झालं नाही! लोपेरांच्याच हाताखाली तयार झालेल्या याकील किरोस तेव्हा अमेरिकेत संशोधन करत होत्या. त्यांनी बाईंना बॉस्टनला नेऊन मेंदूचे स्कॅन काढले. मेंदू अमिलॉइडनं खच्चून भरलेला, टाउ मात्र फार थोडा. 2019 मध्ये कारण प्रसिद्ध झालं: एपीओई जनुकाचा ‘क्राइस्टचर्च’ नावाचा दुर्मीळ प्रकार त्यांच्याकडे आई आणि वडील दोघांकडून आलेला होता. साचलेलं अमिलॉइड आणि हरवत जाणारं माणूस यांच्यामध्ये अडसर घालता येतो, हे एका खेडवळ बाईच्या मेंदूनं दाखवून दिलं.

आता विचार करा. निरोगी म्हातारी बाई कुठला दवाखाना शोधून काढणार? तिला काही होत नाही, म्हणून ती कुणाकडे जातच नाही. जी आजारी पडायला हवी होती आणि पडली नाही, ती ओळखू आली, कारण अख्खं कुळ कुणीतरी कागदावर मांडून ठेवलं होतं. 2020 मध्ये बाई गेल्या, तेव्हा कुटुंबानं त्यांचा मेंदू अभ्यासासाठी दिला.

चिठ्ठी आली आहे: पाच मिनिटं. म्हणजे औषधाच्या चाचणीबद्दल भरभर.

या कुळातल्या 252 जणांवर क्रेनेझुमॅब या औषधाची चाचणी 2013 मध्ये सुरू झाली. दोष नसलेल्या नातेवाइकांनाही तिच्यात घेतलं होतं. त्यांना औषधाऐवजी निष्क्रिय द्रव मिळे. हेतू हा, की केवळ भाग घेतला म्हणून आपल्यात दोष आहे की नाही, हे कुणालाच कळू नये. ज्यांना काही मिळण्यासारखं नव्हतं, तेही भावंडांसाठी वर्षानुवर्षं सुया टोचून घेत राहिले. 2022 मध्ये निकाल आला. औषधानं आजार लांबणीवर पडला, असं ठामपणे म्हणता येईल इतका फरक दिसला नाही. 2024 मध्ये मात्र क्राइस्टचर्चची एकच प्रत असलेले 27 जण याच कुळात आढळल्याचं प्रसिद्ध झालं. त्यांचा आजार सुमारे पाच वर्षं उशिरा सुरू झाला होता. लोपेरा त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वारले.

भारताचं एका वाक्यात: साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज ज्या राष्ट्रीय पाहणीतून निघाला, तिच्यात वृद्धांच्या चाचण्यांबरोबर घरच्या किंवा जवळच्या माणसाची मुलाखतही होती. म्हणून डॉक्टरकडे जाताना बदल कधीपासून, कसकसे दिसले, ते लिहून न्या. आणि आजी-आजोबांना काय झालं होतं तेही. नव्या इंजेक्शनांबद्दल तीन चिठ्ठ्या आल्या आहेत, त्या प्रश्नोत्तरांत घेऊ.