देवीची सावली
(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी आत चहाच्या कपांचा हिशेब पाहत असते. यंदा चिटणीसबाईंनी मला पुढे उभे केले आणि ‘अरण्यरक्षण व आपण’ हा विषय दिला. मुंबईच्या चाळीत जन्म गेलेल्या बाईने अरण्यावर काय बोलावे? मी आधी नाहीच म्हटले. मग एक गोष्ट आठवली. ती सांगायला मला लाज वाटते. पण सांगितली तर कुणाच्या तरी उपयोगी पडेल, म्हणून उभी राहिले आहे.

माझे सासर रत्नागिरी जिल्ह्यात, डोंगराच्या पायथ्याशी. गावाबाहेर देवीची देवराई आहे. तिथे कुऱ्हाड चालवायची नाही, वाळकी काटकीदेखील घरी आणायची नाही, असा जुना दंडक. महाराष्ट्रात अशा देवराया हजारांवर आहेत. १९७० नंतर डॉ. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी त्यांचा अभ्यास केला, तेव्हा भोवतालच्या मुलखातून नाहीशी झालेली झाडे-वेली या रायांतून टिकून राहिल्याचे त्यांना आढळले. पूर्वजांनी बाकी काही केले नाही. नुसते हात आवरले.

मी नवी सून म्हणून गेले तेव्हा सासूबाईंनी ओटी भरायला तिथे नेले होते. मांडीएवढ्या जाडीची गारंबीची वेल, भर दुपारी काळोख, आणि देवी उघड्यावर बसलेली. तिला छप्पर नव्हते. ते असू नये अशीच तिथली रीत होती.

२०११ साली जीर्णोद्धाराचे वारे सुटले. गावची मंडळी पावतीपुस्तक घेऊन मुंबईला आमच्या घरी आली. फरशी, पत्र्याचा सभामंडप, देवळापर्यंत मोटार जाईल असा रस्ता! मला फार आनंद झाला. मी स्वतः पाच हजार एक रुपये दिले, आणि नातेवाईक व शेजारणींकडून चाळीस हजार गोळा करून पाठविले. फलकावर यजमानांचे नाव येणार होते. रस्ता कुठून जाणार, हे मी विचारले नाही.

पुढच्या शिमग्याला गेलो. फलकावर नाव होते. पण अकरा झाडे गेली होती. त्यांतला एक बेहडा तर सासूबाईंच्या आजेसासूंच्याही आधीचा. त्याच्या ढोलीत दरवर्षी धनेशाचे जोडपे येई. आमच्याकडे त्या पक्ष्याला गरुडच म्हणतात. या पक्ष्याचा संसार मोठा नवलाचा. मादी ढोलीत शिरून आतून दार लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते, आणि नर तिला आठवडेच्या आठवडे उंबर-वडाची फळे आणून भरवतो. ती फळे खाऊन हा पक्षी रानभर बिया टाकतो. म्हणजे रान पेरणारा माळीच म्हणा ना! पण त्याला ढोली हवी ती जुन्या, थोराड झाडाची. आज लावलेले रोप त्याच्या कामाचे नाही, त्याच्या नातवंडांच्याही नाही.

त्या शिमग्यात ते जोडपे दोन दिवस मोकळ्या जागेवरून फिरत होते. आगगाडीच्या इंजिनासारखा त्यांच्या पंखांचा आवाज आम्ही अंगणात ऐकला. तिसऱ्या दिवशी तो आला नाही. पुढेही मी कधी ऐकला नाही.

सासूबाई एवढेच म्हणाल्या, “अगो, देवीची सावली काढलीत नि तिच्या डोक्यावर पत्रा घातलात!” त्या मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

भगिनींनो, झाड तोडणारा हात माझा नव्हता, पण पैसा माझा होता. रानाशी आपला संबंध नाही असे शहरातल्या आपण बायका समजतो. तो संबंध असा पावतीपुस्तकातून येतो.

मग मी काय केले तेही सांगते. गावच्या घरी गॅस होता. परंतु अंघोळीचे पाणी लाकडावरच तापे. तिथे सूर्यावर पाणी तापविणारे यंत्र बसविले. पावसाळ्यात ते चालत नाही, तेव्हा चूल पेटते. पण आठ महिने लाकूड वाचते. माझ्या नातीने मोबाईलमध्ये ‘आय-नॅचरलिस्ट’ नावाची सोय दाखविली. झाडाचा, पाखराचा फोटो काढावा. जागा नि तारीख आपोआप नोंदली जाते आणि जाणकार त्याचे नाव सांगतात. दोन सुट्ट्यांत आम्ही आजी-नातींनी देवराईतल्या उरलेल्या झाडांची नोंद केली. नोंद असली की “तिथे काय होते?” या प्रश्नाला उत्तर राहते.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव समिती नेमून अशी नोंदवही करावयास सांगितले आहे. २००४ च्या नियमांनी त्या समितीत निदान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात असे ठरविले. आपापल्या माहेरी-सासरी विचारा, ती वही कुठे आहे, नि त्यात बायकांनी सांगितलेले किती आहे? औषधी पाला आणि रानभाजी कुठे उगवते, हे घरातल्या म्हातारीइतके कुणाला ठाऊक?

आणि झाडाला किंमत नसते असेही नाही. आपल्या त्रिफळा चूर्णात आवळा, हिरडा आणि बेहडा. सह्याद्रीत काही ठिकाणी बेहड्याची फळे बेताने गोळा करून, पाखरांचा वाटा झाडावर ठेवून, ‘फेअरवाइल्ड’ या प्रमाणपत्रासह विकली जातात. लाकडाचे पैसे एकदाच येतात, फळाचे पुन्हा पुन्हा.

शेवटी एक विनंती. आपल्या मंडळाकडेही दरवर्षी चार-पाच पावतीपुस्तके येतात. द्यायचे नाही असे मी म्हणत नाही, देवकार्याला द्यावेच. फक्त पैसे देण्यापूर्वी एक प्रश्न लेखी विचारावा: “या कामात किती झाडे तोडणार?” उत्तर आले की मगच पावती फाडावी. येत्या सभेत तसा ठराव मांडण्याची अध्यक्षबाईंनी परवानगी द्यावी. हा एक प्रश्न मी त्या वेळी विचारला असता, तर आज तुमच्यापुढे ही गोष्ट सांगावी लागली नसती.