पिक्चर ट्यूबची दुसरी पाळी



पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचे रंगीत टीव्ही तयार होत, हे या शहरात कुणाला सांगावं लागत नाही. २००५ साली याच समूहाने फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा व्यवसाय विकत घेतला. पण जग तोवर सपाट पडद्याकडे वळू लागलं होतं. २०१८ मध्ये व्हिडिओकॉनवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. टीव्हीच्या ट्यूबचं उत्पादनही आता थांबलं आहे. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे: उरलेल्या ट्यूब भंगारात जाऊ देऊ नका, त्यांना काम द्या. असं एक उत्तम काम म्हणजे घरचं व्हिडिओ गेमचं आर्केड कॅबिनेट.

त्यासाठी सर्वांत सरस ठरतात व्यावसायिक मॉनिटर. सोनीच्या पीव्हीएम मालिकेतले मॉनिटर टीव्ही स्टुडिओत, एडिटिंग रूममध्ये आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांसाठी ऑपरेशन थिएटरमध्येही वापरले जात.

पण ट्यूबच का? व्हिडिओ गेम पार्लरमधला ‘मुस्तफा’ तुमच्यापैकी अनेकांनी खेळला असेल. कॅपकॉमच्या १९९३ च्या ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ला पोरांनी त्यातल्या एका पात्राचं नाव देऊन टाकलं. त्याचं चित्र अवघ्या २२४ ओळींचं. ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत सेकंदाला सुमारे १५,७०० वेळा डावीकडून उजवीकडे धावतो आणि ओळ उजळतो. दोन ओळींमध्ये बारीक काळी फट राहते, रंगांच्या कडा मऊ होतात. त्या काळचे चित्रकार अशाच पडद्यासाठी पात्रं रेखाटत. सपाट पडद्यावर तीच पात्रं चौकोनी ठिपक्यांची दिसतात. शिवाय ट्यूब सिग्नल साठवून ठेवत नाही. तो येईल तसा लगेच पडद्यावर उमटतो.

आपल्याकडचे ट्यूबचे टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० फील्ड दाखवणारे. पार्लरमधले खेळ ६०च्या आसपास चालतात. बहुतेक व्यावसायिक मॉनिटर दोन्ही सांभाळतात आणि लाल, हिरवा, निळा व सिंक वेगवेगळ्या तारांनी घेतात. आर्केड बोर्ड, म्हणजे खेळाची सर्किट पाटी, हेच सिग्नल देतो. फक्त त्याचे रंगांचे सिग्नल जास्त जोराचे असतात आणि मॉनिटरला ०.७ व्होल्ट पुरतात, म्हणून मध्ये रेझिस्टर लावून ते उतरवावे लागतात.

मॉनिटर पेटीसकट बसवा, म्हणजे तो पुन्हा जसाच्या तसा काढता येईल. वीस इंची मॉनिटर तीस किलोच्या आसपास भरतो. फळी तशी दणकट हवी आणि हवेच्या फटी मोकळ्या हव्यात. १९८० च्या ‘पॅक-मॅन’साठी तो उभा फिरवला, तर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे रंगांचे डाग पडू शकतात. डिगॉस केलं, म्हणजे ट्यूबमधलं चुंबकत्व घालवलं, की बहुधा ते जातात.

मागचं झाकण मात्र शिकाऊ हातांनी उघडू नये. ॲनोडवर वीस हजार व्होल्टपेक्षा जास्त दाब असतो आणि प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये भार राहू शकतो. तो आधी सुरक्षितपणे कसा उतरवायचा, ट्यूबची नाजूक मान कशी सांभाळायची, तिन्ही रंगांचे झोत एकत्र आणणारा कन्व्हर्जन्स कसा जुळवायचा, हे जुन्या टीव्ही मेकॅनिकला ठाऊक असतं. हे ज्ञान हातातून हातात जातं, पुस्तकातून पुरतं येत नाही. आणि हे हात आपल्या शहरात आहेत.

तेव्हा एखाद्या दवाखान्यात किंवा स्टुडिओत असा मॉनिटर पडून असेल, तर भंगारवाल्याच्या आधी त्या मेकॅनिकना बोलवा. ते आले की आयटीआयमध्ये शिकणाऱ्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला त्यांच्या शेजारी बसवा.