शेवाळ, विषाणू आणि मजूर



या व्यासपीठावर इतिहासाचे आणि साहित्याचे मोठे पंडित येऊन गेले आहेत. मी त्यांच्या पंक्तीतला नव्हे. माझे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. मी शेवाळ आणि विषाणूंवर बोलणार हे कळल्यावर संघटनेतल्या एका सोबत्याने विचारले, "भाऊ, पगारवाढ सोडून हे काय काढलं बापा?" त्याला मी म्हणालो, ज्या धंद्यात उद्या आपली पोरे कामाला जाणार, त्या धंद्यात काय शिजते हे कामगाराला ठाऊक नको काय? तेच आज जरा विस्ताराने सांगतो.

प्रथम शेवाळ. त्यासाठी दूर जायला नको. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे सरोवर आपण पाहिले असेल. साध्या पाण्याचा सामू सातच्या आसपास असतो, लोणारचा दहाच्या घरात. एवढ्या खारट सोडामिश्रित पाण्यात मासा जगत नाही, पण एक नीलहरित शेवाळ मात्र सुखाने वाढते. त्याचे नाव स्पिरुलिना. काटेकोर शास्त्र त्याला जीवाणूंत मोजते, पण व्यवहारात आपण शेवाळच म्हणतो. मेक्सिकोतले जुने अ‍ॅझ्टेक लोक तळ्यावरून ते गोळा करून खात. आफ्रिकेत चाड सरोवराच्या काठच्या बाया आजही त्याच्या वड्या करतात. आता उथळ हौदांत खाण्याचा सोडा घातलेले पाणी पंख्यांनी हलवीत ठेवून त्याची शेती करतात, आणि वाळवलेली भुकटी डब्यांतून व गोळ्यांतून विकतात.

या भुकटीत वजनाच्या निम्म्याहून अधिक प्रथिने असतात. म्हणून मेळघाटातल्या कुपोषणाची गोष्ट निघाली की कोणीतरी या गोळीचे नाव काढतोच. आपण हिशेब करून पाहू. दहा ग्रॅम भुकटीत सुमारे सहा ग्रॅम प्रथिने. तेवढीच प्रथिने सव्वीस-सत्तावीस ग्रॅम तुरीच्या डाळीत मिळतात. गोळी वाईट नाही. पण ती पोळी आणि वरणाची जागा घेणार नाही, आणि आईबापांच्या मजुरीची तर नाहीच नाही.

दुसरे शेवाळ समुद्रातले, तपकिरी. अकोला-बडनेऱ्याच्या जुन्या गिरण्यांचे भोंगे बंद पडले, पण त्या गिरण्यांनी आपल्याला कापड शिकवले. छपाईचा रंग पाण्यासारखा पातळ असेल तर तो कापडावर पसरतो. त्याला घट्ट करावे लागते. जुन्या काळी खळ चाले. १९५६ साली धाग्याशी रासायनिक रीतीने जोडले जाणारे नवे रंग बाजारात आले, आणि खळ निकामी ठरली, कारण ते रंग खळीशीच जोडले जात. मग समुद्री शेवाळापासून काढलेले अल्जिनेट पुढे आले. ते रंगाला घट्टपणा देते आणि काम झाले की धुऊन जाते. आपल्या अंगावरच्या कितीतरी छापील कापडावरून अशा रीतीने शेवाळ जाऊन आलेले असते. दंतवैद्य दातांचा साचा घेतो तोही बहुधा याच अल्जिनेटचा.

आता विषाणू. २०२० सालापासून हा शब्द ऐकला की आपल्या छातीत धस्स होते. ते साहजिक आहे. आपल्यापैकी अनेकांनी घरची माणसे गमावली. पण विषाणू म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. गिरणीच्या भाषेत सांगायचे तर विषाणूजवळ नुसता नमुना असतो, माग नसतात. तो दुसऱ्याच्या गिरणीत, म्हणजे जिवंत पेशीत शिरतो, आणि तिच्याच मागांवर स्वतःचे कापड विणून घेतो. गिरणी बुडते, आणि नमुन्याच्या लाखो प्रती बाहेर पडतात.

आता ही गिरणी माणसाची नसून घाटेअळीची असेल तर? हरभऱ्याचे घाटे, तुरीच्या शेंगा आणि कपाशीची बोंडे पोखरणारी ही हिरवी अळी वऱ्हाडात कोणाला ठाऊक नाही? तिला होणाऱ्या एका रोगाचा विषाणू शास्त्रज्ञांनी ओळखला. त्याचे नाव लांबलचक आहे. दुकानात आणि कृषी खात्यात त्याला एच.ए.एन.पी.व्ही. म्हणतात. या विषाणूचे कण प्रथिनाच्या दाण्यांत बंद असतात. पानाबरोबर दाणा अळीच्या पोटात गेला की तिथल्या क्षारात तो विरघळतो, कारण अळीचे पोट आपल्या पोटासारखे आंबट नसून लोणारच्या पाण्यासारखे क्षारी असते. कण मोकळे होतात, अळी खाणे सोडते, पाच-सात दिवसांत झाडाच्या शेंड्याकडे चढते आणि उलटी लटकून मरते. तिची कातडी फुटून जो द्रव गळतो, तो खालच्या पानांवर पडून दुसऱ्या अळ्यांना लागतो. माणूस, गुरे, मधमाशी यांच्या अंगात हा विषाणू वाढत नाही.

याचे औषध करण्याची रीत ऐकण्यासारखी आहे. अळ्या पाळून त्यांना विषाणू चारायचा, मेल्यावर त्या पाण्यात वाटायच्या आणि वस्त्रगाळ करायच्या. अडचण अशी की घाटेअळी भाऊबंदांनाच खाते. म्हणून प्रत्येक अळीला निराळा कप्पा, निराळे अन्न. आम्ही कामगारांसाठी एवढ्या स्वतंत्र खोल्या मागून थकलो, अळीला त्या न मागता मिळाल्या! या औषधाचे मापही अळ्यांचेच. एका रोगट अळीत सुमारे सहा अब्ज दाणे धरतात, आणि हेक्टरी अडीचशे ते पाचशे अळ्यांइतके औषध फवारतात. फवारणी संध्याकाळी करायची, कारण उन्हाने विषाणू मरतो. द्रावणात कपड्यांना घालतो ती राणीपालही घालतात, म्हणजे उन्हाचा मारा थोडा कमी होतो.

हीच विद्या पुण्यात निराळ्या रूपाने आली. १९८३ साली अमेरिकेत टेक्सासच्या शास्त्रज्ञांनी दाखवले की अळ्यांच्या विषाणूत आपल्याला हवा तो नमुना घातला, तर अळीच्या पेशी तेच प्रथिन विणून देतात. सीरम इन्स्टिट्यूटने केलेली कोव्होव्हॅक्स लस, जिला भारतात डिसेंबर २०२१ मध्ये मान्यता मिळाली, तिचे प्रथिन याच रीतीने तयार होते. त्या पेशी मूळच्या कोणाच्या? २०१८ साली भारतात येऊन मक्यावर तुटून पडलेल्या लष्करी अळीच्या जातीच्या. मका फस्त करणारी अळी कारखान्यात गेली आणि लशीच्या कामाला लागली.

आता माझ्या मूळ मुद्द्यावर येतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर विषारी औषधे फवारताना सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात गेले. कपाशी माणसाच्या उंचीची, एकात दुसरे औषध मिसळलेले, अंगावर साधा सदरा. त्या दिवसांत फवारणीवर जाणाऱ्या एका ओळखीच्या मजुराला भेटायला मी गेलो. डोळ्यांवर पट्टी होती. तो म्हणाला, "विष त अयीसाठी होतं भाऊ, मंग डोये माये काऊन गेले?" मला उत्तर सुचले नाही. पुढे त्याला दिसू लागले, आणि पुढच्या हंगामात त्याने पुन्हा पाठीवर पंप घेतला. दुसरे काम नव्हते.

कायदा नव्हता असे नाही. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत संरक्षक कपड्यांची तरतूद आहे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात शेतात कीटकनाशक फवारणाराही घातला गेला होता; तो कायदा पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला. पण ज्याचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नाही, त्याने आपण त्या दिवशी कोणाच्या वावरात होतो हे सिद्ध कसे करावे?

मग सगळीकडे विषाणूच का फवारू नये? इथे मी तुम्हांला खोटी आशा देणार नाही. हा विषाणू लहान अळीवर चालतो, मोठी अळी दाद देत नाही. तो दोन तासांत काम दाखवत नाही, आणि शेतकऱ्याला तर मेलेली अळी संध्याकाळीच पाहायची असते. दुकानाच्या पत्र्याखालच्या उन्हाळ्यात तो टिकत नाही. आणि बोंडाच्या आत दडून बसणाऱ्या गुलाबी बोंडअळीपर्यंत तो पोहोचत नाही. ज्या बीटी कपाशीला २००२ साली परवानगी मिळाली, तिलाही ही अळी पुढे जुमानेनाशी झाली. म्हणून कपाशीचे सगळे दुखणे विषाणूने जाणार नाही. परंतु तूर आणि हरभरा ही वऱ्हाडाची मोठी पिके आहेत, आणि तिथे तो उपयोगी आहे. जितक्या फवारण्या विषाच्या ऐवजी विषाणूच्या होतील, तितक्या वेळा एक मजूर डोळे शाबूत घेऊन घरी येईल.

यासाठी काय हवे? वावरात फिरून अळ्या लहान असतानाच मोजणारे डोळे हवेत. थंड जागेत ठेवलेले ताजे औषध तालुक्याच्या गावी हवे. ते तयार करणारी माणसे हवीत, आणि त्यांना वेळेवर पगार हवा. अकोल्यात १९६९ पासून आपले कृषी विद्यापीठ आहे. देशाचे कृषिमंत्री झालेल्या पापळच्या पंजाबराव देशमुखांचे नाव त्याला दिले आहे. तिथली विद्या वावराच्या बांधापर्यंत आणण्याचे काम एकट्या प्राध्यापकांचे नाही. ग्रामपंचायतीने, सहकारी सोसायटीने आणि आमच्यासारख्या संघटनांनी ती मागून घ्यायची असते. न मागता काही मिळत नाही, हे चळवळीने मला शिकवले.

शेवाळ काय, विषाणू काय, कामाला लावले तर काम करतात. त्यांना संप ठाऊक नाही. पण त्यांच्या शेजारी उभा राहून जो माणूस काम करतो, त्याला डोळे आहेत, घर आहे, लेकरे आहेत. नवा धंदा चांगला की वाईट हे मी एकाच गोष्टीवरून ठरवतो: संध्याकाळी तो माणूस घरी कसा परतला. त्या मजुराचा प्रश्न मी आज तुमच्या हवाली करतो. उत्तर देणे एकट्याचे काम नाही.