मांडुळाला भाव किती?



कापसाच्या भावावर आपण सकाळपासून बोलतो आहोत. आता अशा एका जिनसेबद्दल बोलू, जी कोणत्याच बाजार समितीत येत नाही आणि तरी तिचा भाव लाखांत, कधी कोटीत सांगितला जातो. मांडूळ. कोणी त्याला दुतोंड्या म्हणतात.

हसू नका. आमच्या भागातल्या आठवडी बाजारात गाडीतून माणसे येतात, मोबाईलवर फोटो दाखवतात आणि म्हणतात, "अडीच किलोचे आणा, सगळे कर्ज फेडून देतो." ज्याची ज्वारी पावसाने गेली त्याला मग झोप कुठून? आमच्यातलाच एक पोरगा चार रात्री बॅटरी घेऊन बांध उकरत फिरला. मांडूळ सापडले. गिऱ्हाईक म्हणाले, वजन कमी भरते. तपासणीची फी म्हणून पोराकडूनच पैसे घेतले आणि गेले ते गेलेच.

तेव्हापासून आम्ही या सापाची माहिती काढायला लागलो.

याला विष नाही. राजस्थानचे वाळवंट, कच्छ, तिकडे पाकिस्तान-इराणपर्यंत आणि इकडे आपल्या कोरडवाहू मुलखात तो राहतो. चिकट काळ्या रानात त्याला घुसता येत नाही. हलकी, मुरमाड जमीन, बांधाची भुसभुशीत माती, उंदरांची बिळे ही त्याची घरे. तोंड पुढून फाळासारखे, डोळे बारीक, अंग जाड आणि खवले गुळगुळीत. सगळी ठेवण मातीत घुसण्याची. दिवसा जमिनीखाली, रात्री बाहेर. लांबी साधारण दोन-तीन फूट.

आता ते दुसरे तोंड. ते तोंड नाही, शेपूट आहे. बोथट, डोक्याएवढेच जाड. कोणी अंगावर आले की मांडूळ वेटोळे करून डोके आत लपवते आणि शेपूट पुढे करते. घाव शेपटीवर बसतो, जीव वाचतो. सहा महिने एका तोंडाने आणि सहा महिने दुसऱ्या तोंडाने चालते, हे आपण लहानपणी ऐकलेले सगळे खोटे. काही गारुडी तर शेपटीला डागून, कापून डोळे-तोंड उमटवतात आणि खेळ दाखवतात. त्या मुक्या जिवाचे हाल कोण विचारतो?

त्याचे खाणे मात्र आपल्या कामाचे. उंदीर. वेटोळ्यात आवळून मारते आणि गिळते. आपला सापळा बांधावर राहतो, ते बिळात जाते. कणसे भरताना उंदीर ज्वारीत काय करतात, हे इथे बसलेल्यांना सांगायला नको. मांडूळ अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देते. एका वेळी सहा-आठ, कधी जास्त. उंदरांच्या वेताशी याची बरोबरी होत नाही. शिवारातली मोठी मांडुळे उचलून नेली की ती जागा लवकर भरत नाही.

औषध, गुप्तधन, नशीब उघडणे, यातले काहीही या सापात नाही. आहे तो १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. पकडणे, बाळगणे, विकणे, सगळाच गुन्हा. आणि धाड पडते तेव्हा गाडीवाला सापडत नाही, हातात पोते धरलेला आपला माणूस सापडतो.

एक सावधगिरी. याचाच भाऊबंद डुरक्या घोणस. अंगावर वेडेवाकडे डाग; तोही बिनविषारी, पण घोणस समजून मारला जातो. खऱ्या घोणशीची शेपूट निमुळती, अंगावर साखळीसारखे डाग, आणि कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार. ओळख पटली नाही तर हात लावू नका, दूर व्हा. चावलाच तर मांत्रिकाकडे नाही, सरळ सरकारी दवाखान्यात.

त्या पोराने मांडूळ परत त्याच बांधावर नेऊन सोडले. आम्ही चार-पाच जण उभे होतो. तोंड मातीत शिरले, मागोमाग अंग, आणि ती बोथट शेपूट थोडा वेळ वर दिसत राहिली.