राष्ट्रपतींची सही

राष्ट्रपती म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? प्रजासत्ताक दिनाचे संचलन, घोडेस्वार, परदेशी पाहुण्यांचे स्वागत. पण आपण वऱ्हाडच्या माणसांनी या पदाकडे जरा जवळून पाहावे, असे मला वाटते. २५ जुलै २००७ रोजी राष्ट्रपतिपदाची शपथ घेणाऱ्या प्रतिभाताई पाटील अमरावतीच्या सून. १९९१ साली अमरावतीनेच त्यांना लोकसभेत धाडले होते. आणि अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख व अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी हे दोघेही ज्या घटना समितीत बसले होते, तिनेच हे पद निर्माण केले.

ही मांडणी मोठी मजेची आहे. कलम ५३ म्हणते, देशाची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींच्या ठायी आहे. कलम ७४ म्हणते, सल्ला मात्र मंत्रिमंडळाचा. म्हणजे वावर एकाच्या नावावर आणि वाहणारा दुसरा, असेच नाही का? मग कुरबूर व्हायचीच. डॉ. राजेंद्रप्रसादांनी १९६० साली जाहीरपणे प्रश्न टाकला, की राष्ट्रपतींचे अधिकार इंग्लंडच्या राजाएवढेच आहेत काय? १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने उत्तर देऊन टाकले : सल्ला मानलाच पाहिजे. १९७८ साली चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने एक खिडकी उघडली. सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येतो. पुन्हा तोच आला, तर मानावा लागतो.

मग राष्ट्रपतींच्या हाती उरते काय? उरतो तो वेळ. संसदेने मंजूर केलेले विधेयक सहीवाचून कायदा होत नाही, आणि सही किती दिवसांत करावी हे कलम १११ मध्ये लिहिलेलेच नाही.

या वेळाचा उपयोग कसा झाला ते पाहा. २५ जून १९७५ च्या रात्री फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाची बैठक झाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी! याच्या उलट, लोकांची पत्रे उघडण्याचा अधिकार सरकारला देणारे टपाल विधेयक १९८६ साली झैलसिंगांकडे गेले. त्यांनी सहीही केली नाही आणि ते परतही धाडले नाही. तिसरी तऱ्हा डॉ. कलामांची. २००६ मध्ये लाभपदाचे विधेयक त्यांनी फेरविचारासाठी परत पाठवले. संसदेने ते पुन्हा मंजूर केले, तेव्हा सही केली.

राज्यपालांची गोष्टही याच जातीची. राजस्थानच्या राज्यपाल असताना प्रतिभाताईंनी तिथल्या २००६ च्या धर्मांतरविषयक विधेयकाला संमती दिली नव्हती. आपल्या दारापूरचे रा. सू. गवई केरळचे राज्यपाल होते. २००९ मध्ये एका माजी मंत्र्यावर खटला भरायला तिथल्या मंत्रिमंडळाने नको म्हटले असताना त्यांनी परवानगी दिली, आणि मोठे वादळ उठले.

आता योगायोग पाहा. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी, राज्यांकडून आलेल्या विधेयकांवर राष्ट्रपतींनी तीन महिन्यांत निर्णय घ्यावा, असे ठरवले. मे महिन्यात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी न्यायालयालाच चौदा प्रश्न विचारले. उत्तर देणाऱ्या पाच जणांच्या पीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश भूषण गवई, म्हणजे रा. सू. गवई यांचेच चिरंजीव! २० नोव्हेंबर २०२५ रोजी पीठाने सांगितले : न्यायालय दिवस ठरवून देऊ शकत नाही, न झालेली सही झाली असे मानताही येणार नाही, मात्र राज्यपाल कारण न देता दीर्घकाळ स्वस्थ बसले, तर निर्णय घ्या एवढे न्यायालय त्यांना सांगू शकते.

याचा आपल्याशी संबंध काय, असे तुम्ही म्हणाल. संबंध असा, की कापसाचा असो, पाण्याचा असो की शाळेचा, कोणताही कायदा शेवटी एका सहीपाशी येऊन थांबतो. त्या टेबलावर कागद अडला, तर तुमचे मत, तुमचा आमदार, तुमची विधानसभा सारे तिथेच अडते. आणि सही डोळे मिटून झाली, तर शेवटचा पहारेकरीही झोपला असे समजावे.

म्हणून वर्तमानपत्रात ‘विधेयक परत पाठवले’ असे वाचाल तेव्हा ‘झाले भांडण सुरू’ म्हणून पान उलटू नका. कारणे सांगून परत पाठवणे ही घटनेची सरळ वाट आहे. त्या कारणांवर चारचौघांत बोलता येते. काळजी करावी ती विधेयक मंजूर झाल्यावर पुढे ज्याची बातमीच येत नाही, त्या कागदाची. तो कुठे आहे, हे विचारण्याचा हक्क आपला आहे.