अंकोरचा धडा

पस्तीस वर्षें मीं शाळेंत इतिहास शिकविला. कंबोज देशाचा धडा आला, कीं मी मुलांस छाती फुगवून सांगत असें, "अंकोरचीं देवळें आपल्या लोकांनीं बांधलीं." सेवानिवृत्तीनंतर तीं देवळें पाहण्याचा योग आला, आणि त्या एका वाक्याची दुरुस्ती करणें मला प्राप्त झालें.

सियेम रीप हें टोनले साप सरोवराच्या उत्तरेचें शहर. त्याच्या नांवाचा अर्थ तेथील लोक 'सयामचा पराभव' असा सांगतात. तेथून दोन कोसांवर अंकोर वाट. 'अंकोर' म्हणजे आपलें 'नगर', आणि 'वाट' म्हणजे विहार. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत दुसऱ्या सूर्यवर्मन् राजानें हें विष्णुमंदिर बांधविलें. पुढें तें बौद्धांचें झालें, आणि आजहि भगवीं वस्त्रें ल्यालेले भिक्षु तेथें वंदनास येतात.

पूर्वेच्या ओवरींत समुद्रमंथन कोरलें आहे. एकीकडे ९२ असुर, दुसरीकडे ८८ देव. पश्चिमेस कुरुक्षेत्राचें युद्ध आहे. तेथें शरपंजरीं पडलेले भीष्माचार्य मीं तत्काल ओळखले आणि बरोबरच्या तरुण ख्मेर वाटाड्यास त्यांची कथा सांगूं लागलों. त्यानें ती आदरानें ऐकून घेतली. महाद्वाराच्या पलीकडे लंकेचें युद्ध आलें, तेव्हां मात्र बोलण्याची पाळी त्याची होती. त्यांच्या रामकथेचें नांव 'रेआमकेर'. तींत हनुमान एका मत्स्यकन्येच्या प्रेमांत पडतो! दर शनिवारीं मारुतीस तेल वाहणारा मी क्षणभर चपापलों. मग ध्यानांत आलें, कीं लेक सासरीं गेली म्हणजे तिचा संसार तिचा. कथा आपल्याकडील खरी. परंतु कुलेन डोंगराच्या पायथ्याचे दगड कालव्यांतून वाहून आणणारे आणि त्यांवर टांकी चालविणारे हात ख्मेर लोकांचे होते.

सायंकाळीं आम्ही खंदकाच्या कांठीं बसलों. मी शिक्षक होतों हें कळतांच त्यानें हात जोडले. ख्मेर भाषेंत शिक्षकास 'क्रू' म्हणतात. हा आपलाच 'गुरु' शब्द. त्याचे आजोबा क्रू होते. १९७५ ते १९७९ या काळांत ख्मेर रूज राजवटीनें शाळा बंद पाडल्या आणि हजारों शिक्षकांचा बळी घेतला. त्यांत तेहि गेले. एवढें सांगून त्यानें सहज विचारलें, "क्रू, आपण मुलांना आमच्याविषयीं काय शिकवीत होतां?"

माझ्याच्यानें खोटें बोलवेना. मीं तें वाक्य जसेंच्या तसें सांगितलें. तो रागावला नाहीं, नुसता हंसला. तें हंसणें मला छडीहून अधिक लागलें.

श्रोतेहो, माझे विद्यार्थी आज गांवोगांवीं पांगले आहेत. त्यांपैकीं कोणी ऐकत असेल, तर त्यानें तें वाक्य खोडावें आणि लिहावें, "अंकोरचीं देवळें ख्मेर लोकांनीं बांधलीं, आपल्याकडील कथा त्यांनीं घेतल्या आणि आपल्याशा केल्या." चूक विद्यार्थ्यांची नव्हे, गुरुजींची आहे.